पन्नाशीच्या आसपास स्वतःचा व्यवसाय: पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यांसाठी

२६ वर्षं मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम केलं आणि ५१व्या वर्षी नोकरी सोडून पॅकिंगच्या मालाचा पुरवठा सुरू केला. तेव्हापासून चाळिशी-पन्नाशीतली बरीच माणसं माझ्याकडे चौकशीला येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "या वयात जमेल का हो?"

या प्रश्नाचं उत्तर अभ्यासकांनी बऱ्यापैकी शोधून ठेवलं आहे. पिएर अझुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे २७ लाख संस्थापकांची माहिती तपासली. व्यवसाय सुरू करतानाचं सरासरी वय निघालं जवळपास ४२. सर्वांत वेगाने वाढलेल्या, म्हणजे हजारात एक अशा व्यवसायांच्या संस्थापकांचं सरासरी वय होतं ४५. तिशीतल्या संस्थापकापेक्षा पन्नाशीतल्या संस्थापकाला असं मोठं यश मिळण्याची शक्यता सुमारे १.८ पट होती. तेव्हा वयाची धास्ती बाजूला ठेवा.

खरी काळजी वेगळी आहे. पडलो तर सावरायला आपल्याकडे वर्षं कमी उरलेली असतात. एक साधा हिशेब पाहा. बचत वर्षाला ८ टक्क्यांनी वाढते असं धरलं, तर जी रक्कम ३० वर्षांत उभी करायला दरमहा १०० बाजूला टाकावे लागतात, तीच १० वर्षांत उभी करायला दरमहा ८१५च्या आसपास लागतात. तिशीतला माणूस सगळी पुंजी घालवून पुन्हा उभा राहू शकतो. बावन्नाव्या वर्षी पुंजी गेली तर ती बहुधा परत येत नाही. पुढची प्रत्येक पायरी मी ही एक गोष्ट समोर ठेवून लिहिली आहे.

१. किती बुडालं तरी चालेल, हे आधी ठरवा

धंद्यातून किती मिळेल याचा अंदाज सगळेच बांधतात आणि तो सहसा चुकतो. किती गेलं तरी घर चालेल, हा आकडा मात्र आज रात्री जेवणानंतर बसून काढता येतो. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक सरस सरस्वती यांनी २७ अनुभवी उद्योजक निर्णय कसे घेतात ते पाहिलं आणि २००१मध्ये आपली मांडणी प्रसिद्ध केली. ही मुरलेली माणसं परताव्याच्या अंदाजापासून सुरुवात करत नाहीत, किती तोटा सोसता येईल तिथून करतात, हा त्या मांडणीतला एक मुख्य मुद्दा. नवख्या माणसाला यापेक्षा उपयोगी सल्ला माझ्या माहितीत नाही.

तुमच्या पैशांचे कागदावर तीन भाग करा. पहिल्या भागात राहतं घर, निवृत्तीसाठी साठवलेली रक्कम, मुलांच्या शिक्षणाचे पैसे आणि आजारपणासाठी ठेवलेले पैसे येतात. याला काहीही झालं तरी हात लावायचा नाही. दुसरा भाग घरखर्चाचा, किमान १२ आणि जमल्यास १८ महिन्यांचा. हा काढताना गेल्या वर्षभराचं बँकेचं पासबुक समोर घ्या, कारण मनातला घरखर्च आणि खरा घरखर्च यात बरंच अंतर असतं. वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे विम्याचे हप्ते, घराची डागडुजी, लग्नकार्यं, हमखास विसरले जातात. या दोन्हींतून जे उरेल तो तिसरा भाग. तुमचं भांडवल तेवढंच.

तिसरा भाग फारच लहान निघाला तर निराश होऊ नका. त्याचा अर्थ इतकाच की कमी भांडवलाचा व्यवसाय निवडायचा किंवा दोन वर्षं थांबून तो भाग वाढवायचा. पहिल्या भागातून "तात्पुरते" उचलायचे, हा मार्ग मात्र घेऊ नका. अमेरिकेतल्या सरकारी आकडेवारीनुसार नव्या व्यवसायांपैकी साधारण पाचवा हिस्सा पहिल्याच वर्षात बंद होतो आणि जवळपास निम्मे पाच वर्षांच्या आत. त्यांतल्या कुठल्याही मालकाने सुरुवात करताना आपला व्यवसाय बंद पडेल असं धरलेलं नसतं.

नोकरी सोडली की कंपनीचा आरोग्यविमाही बहुतेक ठिकाणी सुटतो, हे इथेच सांगून ठेवते. वैयक्तिक विमा या वयात महाग पडतो आणि आधीपासून असलेल्या आजारांना अनेकदा काही काळ संरक्षण मिळत नाही. म्हणून तो राजीनाम्याच्या आधी घ्या.

२. घरच्यांसमोर कागद ठेवा

"मी बघते सगळं, तुम्ही काळजी करू नका," असं म्हणून सुरुवात करू नये. जोडीदाराला तीनही आकडे दाखवा. त्यासोबत एक तारीख आणि एक रक्कम लिहा: या तारखेपर्यंत व्यवसायाने स्वतःचा खर्च भागवला नाही, किंवा त्याआधीच एवढी रक्कम संपली, तर थांबायचं. खाली दोघांच्या सह्या. हे शांत डोक्याने, आधीच करायचं असतं. पैसे बुडत असताना "अजून तीनच महिने" असं वाटायला लागतं आणि त्या तीन महिन्यांना शेवट नसतो.

आई-वडील थकलेले असतील, मुलं अजून शिकत असतील, तर त्यांच्यासाठी लागणारा तुमचा वेळही या कागदावर यायला हवा. या वयात सगळीकडून हाक येते. आठवड्याचे नेमके किती तास व्यवसायाला देता येतील ते प्रामाणिकपणे मोजा. माझ्या वहीत सुरुवातीला ४० तास लिहिलेले होते. प्रत्यक्षात २८ मिळाले.

३. काय विकायचं: लोक तुमच्याकडे कशासाठी येतात?

"मला कशाची आवड आहे?" या प्रश्नापेक्षा "लोक मला कशासाठी फोन करतात?" हा प्रश्न विचारा. गेल्या दोन वर्षांत कुणीकुणी तुमच्याकडे सल्ला मागितला, कामात अडल्यावर कुणाला तुमची आठवण झाली, ते आठवून लिहा. मी यादी केली तेव्हा अर्ध्याहून जास्त नोंदी एकाच गोष्टीच्या निघाल्या: वाहतुकीत माल फुटतोय, खोका कुठला वापरू? मला तो प्रश्न इतका रोजचा वाटायचा की त्याचे कुणी पैसे देईल असं कधी मनातही आलं नव्हतं.

सुरुवातीला सांगितलेल्या अझुले यांच्या अमेरिकी अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या क्षेत्रात व्यवसाय सुरू केला नेमक्या त्याच क्षेत्रात किमान तीन वर्षं काम केलेल्यांना मोठं यश मिळण्याची शक्यता, तसा अनुभव नसलेल्यांपेक्षा ८५ टक्क्यांनी जास्त होती. मॉरिस चँग यांचं उदाहरण मला म्हणूनच आवडतं. त्यांनी सुमारे २५ वर्षं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत काढली होती. संगणकासारख्या यंत्रांतल्या चिप्सची रचना करणाऱ्या हुशार इंजिनियरांना स्वतःची कंपनी काढायची असते, पण चिप्स बनवण्याचा कारखाना उभारणं त्यांना परवडत नाही, हे त्यांनी पाहिलेलं होतं. १९८७मध्ये, वयाच्या ५५व्या वर्षी, त्यांनी तैवानमध्ये टीएसएमसी ही कंपनी स्थापन केली. स्वतःच्या नावाच्या चिप्स काढायच्या नाहीत, इतरांच्या बनवून द्यायच्या, एवढंच काम तिने घेतलं. ती अडचण दिसायला त्या उद्योगात वर्षानुवर्षं वावरावं लागतं.

केएफसीचे संस्थापक कर्नल सँडर्स यांची गोष्टही नेहमी अर्धीच सांगितली जाते. ६५व्या वर्षी हाती काही नसताना त्यांनी शून्यातून सुरुवात केली, असं आपण ऐकतो. तळलेल्या चिकनची त्यांची पाककृती केंटकीतल्या त्यांच्या उपाहारगृहात अनेक वर्षांत तयार झाली होती, आणि ती वापरायचा पहिला परवाना त्यांनी १९५२मध्येच सॉल्ट लेक सिटीतल्या एका उपाहारगृहाच्या मालकाला दिला होता. पुढे नव्या महामार्गामुळे त्यांच्या दारावरून जाणारी वाहतूक वळली आणि उपाहारगृह विकावं लागलं, तेव्हा हे परवान्याचं काम त्यांच्या हाताशी होतं. माझ्या मते त्या गोष्टीतला आपल्या कामाचा भाग हाच आहे: वर्षानुवर्षांचा अनुभव आणि आधीच चाचपून पाहिलेली वाट.

अनुभव अगदी त्याच वस्तूचा असावा लागतो असं नाही. फाल्गुनी नायर यांनी गुंतवणूक बँकिंगमधली कारकीर्द सोडून २०१२मध्ये, पन्नाशीच्या तोंडावर, नायका सुरू केली. सौंदर्यप्रसाधनं विकण्याचा व्यवसाय त्यांना नवा होता. पण कंपन्यांचे हिशेब वाचणं आणि भांडवल उभं करणं हे त्यांचं रोजचं काम होतं. तुमच्याकडे अशी कुठली गोष्ट आहे जी कुठल्याही धंद्यात उपयोगी पडते, तेही यादीत लिहा.

४. कशापासून लांब राहायचं

आपल्या वयाच्या माणसाने चार गोष्टींपासून सावध राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठा साठा आणि लांब मुदतीचा भाडेकरार. पाच वर्षांच्या भाड्याला बांधून घेतलं की चूक कळल्यावरही तिचं भाडं भरत राहावं लागतं.

शरीर झिजवणारं काम. आज दिवसाचे १२ तास उभं राहता येतं. ६०व्या वर्षी येईल का? येणार नसेल तर तोवर त्या जागी दुसरं कोण उभं राहील, त्याचा पगार निघेल का?

फ्रँचायझी, म्हणजे शुल्क भरून दुसऱ्या कंपनीच्या नावाने चालवायची शाखा. सगळ्याच वाईट असतात असं नाही, पण निवृत्तीची रक्कम हाती आलेल्या माणसाला त्या फार सुरक्षित वाटतात आणि तिथेच घसरण होते. करारात चार ठिकाणी बोट ठेवून वाचा: सुरुवातीचं शुल्क परत मिळतं का, रॉयल्टी, म्हणजे नाव वापरण्याचा मोबदला, विक्रीवर आहे की नफ्यावर, तुमच्या शेजारी ते दुसरी शाखा देऊ शकतात का, आणि तुम्हाला मध्येच सोडायचं असेल तर काय. रॉयल्टी बहुधा विक्रीवर असते, म्हणजे तुम्ही तोट्यात असलात तरी ती द्यावीच लागते. सह्या करण्याआधी ती फ्रँचायझी सोडून गेलेल्या दोघांना शोधून भेटा. कंपनी भेट घालून देते ती माणसं खूशच असणार.

आणि चौथी, "हमखास उत्पन्ना"ची योजना. आधी प्रशिक्षणाचे किंवा यंत्राचे पैसे भरा, तुम्ही बनवलेला सगळा माल आम्हीच परत विकत घेऊ, असं कुणी म्हणालं तर उठून निघा. निवृत्तीच्या पैशांवर डोळा ठेवून फिरणारी माणसं असतात, आणि ती अतिशय आदराने बोलतात.

५. नोकरीत असतानाच चाचपून पाहा

आधी नेमणूकपत्र काढा आणि वाचा. जोडव्यवसायाला मनाई आहे का, सोडल्यावर काही काळ त्याच क्षेत्रात काम न करण्याची अट आहे का, ते पाहा. शंका असेल तर वकिलाला एकदा पैसे देऊन विचारा. कंपनीचा संगणक, ग्राहकांची यादी, कामाची वेळ यांना हात लावू नका. कायद्याचा भाग आहेच, पण जुन्या कंपनीतली माणसं हीच पुढे तुमची पहिली साक्ष असतात.

मग निदान २० संभाव्य गिऱ्हाइकांशी बोला. "मी असं सुरू केलं तर घ्याल का?" असं विचारू नका, कारण समोरचा भिडेपोटी हो म्हणतो. झालेल्या गोष्टी विचारा. ही अडचण शेवटची कधी आली? तेव्हा काय केलंत? किती खर्च आला? अडचण असूनही कुणी ती सोडवायला दमडी मोजलेली नसेल, तर ती त्यांना तितकीशी बोचत नाही असं समजा. मैत्रिणी "किती छान कल्पना!" म्हणाल्या, त्याची गणती करू नका. कुणी बयाणा दिला, त्याची करा.

सुट्टीच्या दिवशी, लहान प्रमाणावर, तीन अनोळखी गिऱ्हाइकांकडून पैसे मिळेपर्यंत राजीनामा लिहायचा नाही. ओळखीचे तुमच्यासाठी घेतात. अनोळखी माणूस मालासाठी घेतो.

६. भाव ठरवताना स्वतःचा पगार धरा

हे गणित एकदा तरी हाताने करा. समजा एक नग १००ला विकला जातो आणि त्याला कच्चा माल, वाहतूक वगैरे मिळून ६२ लागतात. हातात ३८ उरले. महिन्याचा ठरलेला खर्च, म्हणजे भाडं, वीज, फोन, हिशेबनीस, १९०० आहे. १९००ला ३८ने भागलं की ५०. पन्नास नग विकले की ना नफा ना तोटा.

बहुतेक जण इथे थांबतात आणि फसतात. तुमचा स्वतःचा पगार कुठे आहे? घरखर्चाला ३८०० लागत असतील तर एकूण झाले ५७००, आणि विकायला हवेत १५० नग. तिप्पट! दीडशे नग बनवायला, पोहोचवायला, त्यांचे पैसे गोळा करायला तुमच्याकडे तेवढे तास आहेत का, हा पुढचा प्रश्न.

आता कुणी १० टक्के सूट मागितली. द्यावी? सूट दिली की हातात ३८ऐवजी २८ उरतात आणि तेवढ्याच कमाईला १५०ऐवजी २०४ नग लागतात. दहा टक्क्यांच्या सुटीने काम ३६ टक्क्यांनी वाढलं. खरेदी विभागात असताना समोरच्या पुरवठादाराकडून सूट काढून घेणं हे माझं काम होतं आणि ते मी अभिमानाने करत असे. टेबलाच्या पलीकडे काय घडतं ते मला या गणिताने शिकवलं.

नवखी माणसं, विशेषतः सेवा देणारी, भाव फार कमी लावतात. पगाराला महिन्याच्या तासांनी भागून जो दर येतो तो तुमचा दर नव्हे. व्यवसायात बराच वेळ गिऱ्हाईक शोधण्यात, बिलं करण्यात, प्रवासात जातो आणि त्याचे कुणी पैसे देत नाही. बिल लावता येतील असे तास एकूण तासांच्या निम्मेच धरून दर काढा.

७. खेळतं भांडवल: जिथे चांगले धंदे मरतात

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे नफ्यातले धंदे बंद पडताना मी पाहिले आहेत आणि माझाही पडता पडता राहिला.

वरचंच उदाहरण घ्या. समजा महिन्याला १०० नग जातात: विक्री १०,०००, मालाचा खर्च ६,२००. तुम्ही माल घेता त्याला १५ दिवसांत पैसे देता. तुमचं गिऱ्हाईक मात्र ७५ दिवसांनी देतं. मधले ६० दिवस तुमचे पैसे बाहेर. म्हणजे दोन महिन्यांच्या खरेदीचे १२,४०० कायम अडकलेले. वहीत नफा दिसतो, खात्यात काही नसतं. आता विक्री दुप्पट झाली, आनंदाची गोष्ट. अडकलेली रक्कमही दुप्पट होऊन २४,८०० झाली. ही जास्तीची रक्कम कुठून आणणार? व्यवसाय वाढला की पैसे आत येतील असं वाटतं, पण उधारीच्या धंद्यात वाढ आधी पैसे खाते.

माझ्या दुसऱ्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाने दोन महिन्यांची उधारी ठरवून चार महिने लावले. माझ्या एकूण विक्रीचा जवळजवळ अर्धा भाग त्यांचा होता. त्यांनी पुढची ऑर्डर दुप्पट दिली तेव्हा मला ती नाकारावी लागली, कारण घ्यायची तर घरच्या पहिल्या भागाला हात लागला असता. त्या कागदावर आमच्या दोघांच्या सह्या होत्या म्हणूनच नाकारता आली. गिऱ्हाईक गेलं. मी रडले. पण व्यवसाय राहिला.

तेव्हापासून काही नियम पाळते. नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मी रक्कम आगाऊ घेते. उधारीची मुदत ऑर्डरच्या कागदावर लिहून घेते. माल गेला त्याच दिवशी बिल पाठवते, कारण बिल चार दिवस उशिरा गेलं की पैसे चार दिवस उशिरा येतात. दर मंगळवारी सकाळी येणी असलेल्या सगळ्यांना फोन करते, न चिडता, नियमाने. मुदत संपून महिना झाला की पुढचा माल थांबवते. आणि कुठल्याही एका गिऱ्हाइकाचा वाटा एकूण विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ देत नाही.

मोठ्या कंपन्यांत बिल अडतं ते बऱ्याचदा कागदासाठी. खरेदीपत्राचा क्रमांक नाही, माल मिळाल्याची सही नाही, नग आणि बिल जुळत नाही. मी स्वतः अशी कितीतरी बिलं बाजूला ठेवली आहेत आणि पुरवठादाराला ते लगेच कळवण्याची तसदीही कधीकधी घेतली नाही. त्याचं मला आज वाईट वाटतं. तिथल्या हिशेब विभागातल्या माणसाचं नाव विचारून घ्या आणि बिल दिल्यावर दोन दिवसांनी "कागद पूर्ण आहेत ना?" एवढंच विचारा.

८. कागदपत्रं

नोंदणी, परवाने, कर यांचे नियम जागेनुसार आणि धंद्यानुसार बदलतात. तुमच्या भागातल्या लहान व्यवसायांचं काम करणारा लेखापाल गाठा आणि सुरू करण्याआधीच एक तास घ्या. व्यवसायाचं बँक खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. ग्राहकाला इजा किंवा नुकसान होण्याजोगं काम असेल तर त्याचा विमा.

एका गोष्टीवर मात्र थांबा. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात धंद्याचं कर्ज ते तुमचं कर्ज. साध्या भागीदारीत भागीदाराने करून ठेवलेल्या कर्जालाही तुम्ही बांधील असता. मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली की घरदार सहसा वेगळं राहतं, पण बँक वैयक्तिक जामीन मागते आणि तुम्ही सही करता, तेव्हा ती भिंत तुम्हीच पाडता. राहतं घर तारण ठेवू नका. मी हे अगदी हट्टाने सांगते.

जुन्या मित्रासोबत भागीदारी करत असाल तर मैत्री टिकावी म्हणून करारनामा करा. कोण किती वेळ देणार, पगार कुणाला किती, एकाला सोडायचं असेल तर त्याच्या हिश्श्याची किंमत कशी ठरणार, एकाचा मृत्यू झाला तर वारसांचं काय. पन्नाशीत हे शेवटचे दोन प्रश्न टाळण्याजोगे राहिलेले नसतात.

९. पद गेल्यावर विकायला शिकणं

याची तयारी कुणीच करून घेत नाही. इतकी वर्षं तुमच्या नावामागे कंपनीचं नाव होतं. फोन केला की लोक उचलायचे. आता तेच लोक "नंतर बोलतो" म्हणतात. पहिले काही महिने हे मनाला फार लागतं, आणि त्या दुखऱ्या मनामुळे माणसं विकायला बाहेर पडायचं टाळून कार्यालय सजवत बसतात, बोधचिन्हं बदलत बसतात. रोज तीन माणसांशी विक्रीसाठी बोलायचं, मग बाकीची कामं, अशी शिस्त लावा. पहिली दहा गिऱ्हाइकं बहुतेक ओळखीतून किंवा ओळखीच्या ओळखीतूनच येतात. संदेश साधा ठेवा: "मी आता अमुक काम करते. तुमच्या माहितीत कुणाला तमुक अडचण असेल तर माझा नंबर द्याल का?" समोरच्याला नकार द्यायची वेळ येत नाही आणि विचारणंही सोपं जातं.

आपल्या ओळखी आपल्यासोबत म्हाताऱ्या होतात, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. आज तुम्हाला काम देणारे व्यवस्थापक तुमच्याच वयाचे आहेत. आठ-दहा वर्षांत ते निवृत्त होतील आणि त्यांच्या खुर्चीत जी माणसं येतील त्यांना तुम्ही माहीत नसाल. म्हणून प्रत्येक ठिकाणी साहेबांसोबत त्यांच्या हाताखालच्या तरुण मुलालाही ओळख द्या, त्याच्या प्रश्नांना वेळ द्या. माझी आजची तीन सगळ्यांत चांगली गिऱ्हाइकं तेव्हाचे सहायक होते.

हिशेबाचं सॉफ्टवेअर, ऑनलाइन पैसे घेणं, मालाचे फोटो काढून टाकणं हे आधी स्वतः शिका, मग दुसऱ्याकडे द्या. शिकवायला घरातली मुलं नकोत, ती घाईत असतात. तासाला पैसे देऊन एखादा विद्यार्थी लावा.

१०. राजीनामा कधी द्यायचा

जोडधंद्यातून सलग सहा महिने, सर्व खर्च वजा जाता, घरखर्चाच्या निम्मी रक्कम हातात येऊ लागली की मी राजीनाम्याचा विचार करायला सांगते. नोकरी गेल्यामुळे किंवा सक्तीच्या निवृत्तीमुळे सुरू करत असाल तर ही चैन नसते. तेव्हा अर्धवेळ काम, सल्लागारीचं काम, जे मिळेल ते धरून घरखर्चाचा दुसरा भाग लांबवा. त्यात कमीपणा मानू नका.

सुरू केल्यावर दर तीन महिन्यांनी तो सह्या केलेला कागद काढून बसा. ठरलेली तारीख आली आणि आकडा गाठला नसेल तर थांबा. थांबणं म्हणजे येणी वसूल करणं, पुरवठादारांची देणी चुकवणं, गिऱ्हाइकांना दुसरा चांगला पुरवठादार दाखवून देणं. असं नीट बंद केलेल्या माणसाला लोक पुन्हा उभं करतात.

११. तुम्ही आजारी पडलात तर?

सुरुवातीलाच ठरवा: हा व्यवसाय १० वर्षं घर चालवण्यासाठी आहे, की शेवटी विकण्यासाठी किंवा पुढच्या पिढीला देण्यासाठी? दोन्ही चांगलं आहे, पण वाटा वेगळ्या आहेत. विकायचा असेल तर गिऱ्हाइकांनी तुमच्या नावापेक्षा व्यवसायाच्या नावावर विश्वास ठेवायला हवा, कामाच्या पद्धती लिहिलेल्या हव्यात आणि हिशेब इतके चोख हवेत की परक्याला वाचता यावेत. तुमच्याशिवाय एक महिनाही न चालणाऱ्या धंद्याला कुणी फारशी किंमत देत नाही.

विकायचा नसला तरी एक फाइल करा. त्यात येणी-देणी, गिऱ्हाइकांचे आणि पुरवठादारांचे नंबर, प्रत्येकाशी ठरलेले भाव, बँकेत तुमच्याऐवजी कोण सही करू शकतं, विम्याचे कागद, पासवर्ड कुठे ठेवलेत. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि पाच आठवडे मी घरात होते. फाइल माझ्या मदतनीस मुलीकडे होती. मंगळवारचे फोन तिने केले. दोन जुनी येणी, जी मला वर्षभर मिळाली नव्हती, ती तिने मिळवली.